वाटी बसवणे आणि वाटी राखणे



गुडघ्यावरच्या हाडाला आपण वाटी म्हणतो. पाय लांब करून, मांडी सैल सोडून बसा आणि दोन बोटांनी ही वाटी धरून पाहा. ती इकडेतिकडे थोडी हलते. आता मांडी ताठ करा. वाटी जागच्या जागी घट्ट बसते. एवढ्या एका प्रयोगात आजच्या भाषणाचे निम्मे सार आले. वाटीला जागेवर धरून ठेवणारी मुख्य शक्ती मांडीत आहे. ही गोष्ट माणसाला कधी उमगली, कधी तो ती विसरला, आणि विसरल्याची किंमत त्याने कशी मोजली, त्याचा हा इतिहास आहे.

प्रथम नावांकडे पाहू. आपण वाटी म्हणतो. जुन्या संस्कृत वैद्यकात गुडघ्याचे हे हाड 'कपाल' जातीच्या हाडांत मोजले आहे. कपाल म्हणजे खापरी. लॅटिन भाषेत तिला 'पाटेला' म्हणतात, म्हणजे लहानशी थाळी. दूरदूरच्या लोकांनी हात लावून पाहिले आणि प्रत्येकाला भांडेच आठवले! फ्रेंच लोक मात्र तिला 'रोत्यूल' म्हणतात, म्हणजे लहान चाक. हे नाव तिच्या कामाच्या अधिक जवळ जाते.

ते काम कोणते? ज्यांनी मोटेची विहीर पाहिली आहे त्यांना चटकन समजेल. बैल धावेवर उतरत, नाडा ताणला जाई आणि मोट वर येई. तो नाडा चाकावरून जाई, म्हणून विहिरीच्या काठावर घासत नसे आणि ओढ वाया जात नसे. आपल्या मांडीच्या पुढचे चार स्नायू म्हणजे हे बैल समजा. त्यांची जाड कंडरा गुडघ्यावरून उतरून नडगीच्या हाडाला बांधलेली आहे. या कंडरेतच वाटी बसवलेली आहे. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला पुढून एक पन्हळ आहे, त्या पन्हळीतून वाटी वरखाली सरकते आणि कंडरेला सांध्यापासून उचलून धरते. त्यामुळे थोड्या जोरात पाय सरळ होतो.

पण या रचनेत एक अडचण आहे. मांडीचे हाड कमरेपासून गुडघ्याकडे तिरपे येते आणि नडगी सरळ खाली जाते. त्यामुळे मांडीची ओढ सरळ रेषेत न पडता वाटीला किंचित बाहेरच्या अंगाला खेचत असते. निसर्गाने यावर तीन उपाय केले आहेत. पन्हळीची बाहेरची भिंत उंच ठेवली आहे, आतल्या बाजूने एक अस्थिबंध वाटीला आवळून धरतो, आणि मांडीच्या आतल्या अंगाचा स्नायू तिला आत ओढतो. हे तिन्ही राखणदार एकाच क्षणी कमी पडले की वाटी सरकते, आणि बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूलाच सरकते.

असा क्षण कोठे येतो? कबड्डीच्या मैदानावर चढाई करणारा पाय रोवून एकदम गर्रकन वळतो तेव्हा. खो-खोमध्ये धावणारी मुलगी खांबाला वळसा घालते तेव्हा. शेताच्या निसरड्या बांधावर डोक्यावर भारा असता पाय एका दिशेला आणि अंग दुसऱ्या दिशेला जाते तेव्हा. पाऊल जमिनीला खिळलेले, गुडघा किंचित वाकलेला आणि अंग आतल्या बाजूला वळलेले, अशी ती स्थिती असते. मूल किंचाळून खाली बसते. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला गाठीसारखे काही वर आलेले दिसते आणि पुढचा भाग बसका वाटतो. पुष्कळदा पाय सरळ होताच वाटी आपोआप जागेवर येते. मग घरी आल्यावर सांगायला काहीच उरत नाही, फक्त सुजलेला गुडघा आणि "काहीतरी सटकलं होतं" एवढे शब्द. दुखणे मात्र तेथूनच सुरू होते.

आता जुन्या काळात जाऊ. सुश्रुतसंहिता हा ग्रंथ दीड-दोन हजार वर्षे आपल्या वैद्यांच्या हाती आहे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादलेली त्याची आवृत्ती १९१५ साली काढली, तेव्हापासून तो शुद्ध छापील रूपात अनेकांच्या घरी पोचला. त्यात मोडलेल्या हाडांचे बारा आणि निखळलेल्या सांध्यांचे सहा प्रकार सांगितले आहेत. हाड आडवे सरकले तर 'तिर्यक्क्षिप्त' असे त्याचे नाव. गुडघा हे मर्मस्थान मानले असून तेथे इजा झाली तर माणूस लंगडा होतो, असे स्पष्ट बजावले आहे.

उपचार सांगताना ग्रंथकार चार क्रिया देतो: ताणणे, दाबणे, जुळवणे आणि बांधणे. कोपराचा सांधा निखळला तर अंगठ्याने चाचपून, दाबून, पसरून आणि वाकवून बसवावा, व गुडघा, घोटा आणि मनगट यांचेही असेच करावे, असे तो सांगतो. वड, पिंपळ, उंबर, पळस यांच्या साली आणि बांबूच्या कामट्या बांधायला घ्याव्यात. पट्टी थंडीत सात दिवसांनी सोडावी, मध्यम हवेत पाच दिवसांनी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी. आणि पुढचे वाक्य तर आजही रुग्णालयाच्या भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे. पट्टी फार सैल बांधली तर सांधा स्थिर होत नाही, फार आवळली तर सूज येते, ठणका लागतो आणि पूही होतो. तरुणाचा सांधा एका महिन्यात स्थिर होतो, मध्यम वयात दुप्पट काळ लागतो आणि म्हातारपणी तिप्पट, असा हिशेबही त्याने मांडला आहे.

परंतु मला सर्वांत मोलाची वाटते ती एक लहानशी सूचना. ती गुडघ्याविषयी नाही, हाताच्या तळव्याविषयी आहे. हात मोडून बरा होऊ लागला की रोग्याने प्रथम मातीचा गोळा हातात धरावा. ते जमू लागले की सैंधवाचा खडा धरावा. हातात बळ आले की मग दगड धरावा. माती, मीठ, दगड! म्हणजे हाड जुळले की काम संपले असे त्या वैद्याने मानले नाही. गेलेले बळ पायरीपायरीने परत आणायचे असते, हे त्याला ठाऊक होते. हा धागा लक्षात ठेवा. पुढे फार उशिरा तो पुन्हा आपल्या हाती येणार आहे.

पश्चिमेकडे दुसऱ्या शतकात गेलन नावाचा मोठा वैद्य होऊन गेला. पेर्गामोन या आपल्या गावी तो खड्गयोद्ध्यांचा वैद्य होता, त्यामुळे जखमी शरीरे त्याने पुष्कळ पाहिली होती. त्याने एका तरुण कुस्तीगिराची हकिकत लिहून ठेवली आहे. कुस्ती खेळताना त्याच्या वाटीचे बंध तुटले आणि ती मांडीकडे वर सरकली. त्यानंतर त्याला गुडघे टेकून बसणे धोक्याचे झाले आणि उतारावरून चालताना काठीचा आधार लागू लागला. आजच्या डॉक्टरला हे वाचताच कळते की त्या तरुणाची वाटीखालची कंडराच तुटली होती. पण वाटी जागेवर नसेल तर सपाटीवर माणूस कसाबसा चालतो आणि उतारावर फसतो, हे गेलनने अचूक टिपले आहे. आपल्या डोंगरी भागातील लोकांना हे निराळे सांगायला नको.

यानंतर शेकडो वर्षे सांधे बसवण्याची विद्या ग्रंथांपेक्षा घराण्यांत अधिक राहिली. आपल्याकडे जसे हाडवैद्य, तसे इंग्लंडातही होते. बाप मुलाला शिकवी आणि शेजारपाजारचे लोक त्याच्या हाताच्या गुणाची तारीफ करीत. शिकलेले डॉक्टर त्यांच्याकडे तुच्छतेने पाहत. पण १८६७ साली सर जेम्स पॅजेट या नामांकित शल्यवैद्याने हाडवैद्यांच्या हातून बऱ्या होणाऱ्या रोग्यांवर एक व्याख्यान दिले. त्यांच्यात चांगले असेल ते उचला आणि वाईट असेल ते टाळा, असे त्याने आपल्याच व्यवसायबंधूंना सांगितले. पुढे १८७१ साली व्हार्टन हूड या डॉक्टरने हटन नावाच्या हाडवैद्याकडून शिकलेली विद्या छापून प्रसिद्ध केली. हूडच्या वडिलांनी हटनवर आजारपणात फुकट उपचार केले होते, आणि त्याची फेड म्हणून हटनने आपली विद्या मुलाला उघड करून दाखवली होती. उपकाराची ही फेड किती मोठी ठरली, पाहा! घरात कुलूप लावून ठेवलेले ज्ञान त्यामुळे सर्वांचे झाले.

अशाच एका हाडवैद्यांच्या घराण्यात ह्यू ओवेन थॉमस जन्मला. तो रीतसर डॉक्टर झाला आणि लिव्हरपूलच्या गरीब वस्तीत काम करू लागला. पायाला ताण देणारी त्याची लोखंडी चौकट पुढे जगभर प्रसिद्ध झाली. दुखावलेल्या सांध्याला पूर्ण, अखंड आणि दीर्घ विश्रांती द्या, असे त्याचे सांगणे. त्याच काळात पॅरिसचा ल्यूका-शांपिओनिएर नेमके उलट सांगत होता: फार दिवस बांधून ठेवू नका, हलवा, हलके मर्दन करा, नाहीतर सांधा आखडेल. दोघेही अनुभवी आणि दोघेही रोग्याच्या हिताचेच बोलत होते. विश्रांती की हालचाल, हा वाद पुढे शंभर वर्षे चालला.

दरम्यान शल्यवैद्य वाटीकडे बारकाईने पाहू लागले होते. १८३६ साली मालगेन या फ्रेंच शल्यवैद्याने वाटी सरकण्याचे निरनिराळे प्रकार वेगळे करून मांडले. १८५२ साली मॅटायसन या डच सैनिकी डॉक्टरने प्लास्टरच्या पट्ट्यांची माहिती प्रसिद्ध केली, आणि सांधा हलू न देण्याचे सोपे साधन सर्वांच्या हाती आले. भूल देण्याची रीत आली, जंतुनाशक पद्धत आली. जोसेफ लिस्टरने १८७७ साली मोडलेली वाटी उघडून चांदीच्या तारेने जोडली, तेव्हा कित्येकांना ते धाडस अविचाराचे वाटले. त्यापूर्वी गुडघ्याचा सांधा उघडणे म्हणजे पाय, किंबहुना प्राणच, पणाला लावणे होते.

मग १८८८ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे सेझार रू याने पुन्हापुन्हा सरकणाऱ्या वाटीवर शस्त्रक्रिया वर्णन केली. त्याचा विचार शेतकऱ्याला पटेल असा होता. नाडा तिरपा ओढत असेल तर खुंटी हलवा! त्याने बाहेरची बाजू सैल केली, आतली आवळली, आणि कंडरा जेथे नडगीला बांधलेली असते ती जागा आत सरकवली. अमेरिकेत गोल्डथ्वेटने याच वाटेने पुढे काम केले. १८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधले आणि कातडीच्या आड काय घडले आहे हे पाहण्याची सोय झाली.

इतके ज्ञान वाढल्यावर सर्व सुरळीत व्हावे, असे तुम्हाला वाटेल. पण इतिहास असा सरळ चालत नाही. १९३७ साली ब्रूक नावाच्या इंग्रज शल्यवैद्याने मोडलेली वाटी सरळ काढून टाकण्याचा पुरस्कार केला. वाटी हा शरीराचा निरुपयोगी अवशेष आहे, ती नसली तर पाय उलट अधिक चांगला चालतो, असे त्याचे म्हणणे होते. पुष्कळांना ते पटले आणि कित्येकांच्या वाट्या काढल्या गेल्या. मोटेचे चाकच काढून टाकावे आणि नाडा काठावरून ओढावा, असा हा प्रकार झाला. १९४५ साली हॅक्स्टनने मोजमाप करून दाखवले की वाटी गेली की पाय सरळ करण्याची ताकद घटते. १९७१ साली कॉफरने हिशेब मांडला, की वाटी नसेल तर पाय पूर्ण ताठ करायला मांडीला पंधरा ते तीस टक्के जादा जोर लावावा लागतो. जे हाड फालतू ठरवले गेले होते, ते कामाचे होते!

खुंटी हलवण्याच्या शस्त्रक्रियेतही अतिरेक झाला. अमेरिकेतील हाउझरने १९३८ साली कंडरेची जागा आत आणि खालीही नेण्याची रीत सांगितली. वाटी सरकणे थांबे, पण नडगीच्या आकारामुळे ती नवी जागा मागेही जाई. वाटी पन्हळीवर जास्त दाबली जाई आणि काही वर्षांनी तिची कूर्चा झिजून सांधा कायमचा दुखू लागे. ही रीत हळूहळू मागे पडली. वाटी आत ठेवणे आणि गुडघा चांगला ठेवणे या दोन गोष्टी नेहमी एकच नसतात, हे त्यातून डॉक्टर शिकले.

आता आपण पुन्हा त्या माती, मीठ आणि दगडाकडे येतो. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या एका लष्करी रुग्णालयात गुडघे दुखावलेले सैनिक महिनोन्महिने पडून असत. हाड बरे झालेले असे, पण मांडी काठीसारखी बारीक. तेथे थॉमस डीलॉर्म नावाचा तरुण डॉक्टर होता. लहानपणी तापाने खाटेला खिळल्यावर त्याने स्वतः वजने उचलून शरीर कमावले होते. त्याने सैनिकांच्या पायात लोखंडी बूट बांधले, त्यांना वजन लावले, आणि आठवड्या-आठवड्याने ते वाढवत नेले. शेकडो वेळा हलका पाय हलवण्यापेक्षा, थोड्याच वेळा पण वाढत्या वजनाने पाय उचलण्यात अधिक बळ येते, हे त्याने दाखवून दिले. त्याचा निबंध १९४५ साली प्रसिद्ध झाला, आणि आजचा बहुतेक सर्व बलवर्धक व्यायामोपचार त्या पायावर उभा आहे. डीलॉर्मने सुश्रुत वाचला होता, असे मी म्हणत नाही. पण दोन निराळ्या जगांतील दोन वैद्य एकाच निष्कर्षाला येतात, तेव्हा त्या निष्कर्षाला वजन येते. आपल्या मुंबईतही १९५० नंतरच्या दशकात के. ई. एम. रुग्णालयात व्यायामोपचाराचे रीतसर शिक्षण सुरू झाले आणि ही विद्या महाराष्ट्रात रुजली.

पुढील कोड्याचा उलगडा फ्रान्समधील लियाँ शहरात झाला. एकाच मैदानावर शंभर मुले पडतात, मग वाटी एखाद्याचीच का सरकते? हेन्री देजूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांची चित्रे तपासून १९९४ साली कारणे मांडली. काहींची पन्हळ जन्मतःच उथळ असते. काहींची वाटी वर चढलेली असते, त्यामुळे ती पन्हळीत उशिरा शिरते. काहींची खुंटी जास्त बाहेर असते, तर काहींची वाटी कललेली असते. म्हणजे ज्या मुलाची वाटी पुन्हापुन्हा सरकते ते मूल नाजूक किंवा ढोंगी नसते. त्याच्या हाडांची घडणच तशी असू शकते. याच सुमारास आतल्या अस्थिबंधाचे महत्त्वही कळले. वाटी बाहेर जाताना तो जवळजवळ नेहमीच फाटतो. वारंवार सरकणाऱ्या वाटीसाठी आज बहुधा तोच अस्थिबंध नव्याने बांधून देतात.

आणि विश्रांती की हालचाल, या वादाचे काय झाले? फिनलंडच्या मेनपा आणि लेहतो यांनी १९९७ साली शंभर रुग्णांची अनेक वर्षांची हकिकत प्रसिद्ध केली. काहींना पूर्ण प्लास्टर होते, काहींना पायाच्या मागून आधाराची पट्टी, काहींना नुसते बांधणे. नुसते बांधलेल्यांची वाटी अधिक वेळा सरकली, प्लास्टरवाल्यांचे गुडघे अधिक आखडले, आणि मधला मार्ग धरलेल्यांचे सर्वांत बरे चालले. फार सैल नको, फार आवळलेले नको! जुन्या ग्रंथातले वाक्य आता आकड्यांनी सिद्ध होऊन आले.

आणखी एक आकडा शिक्षकांनी ध्यानात ठेवावा. अमेरिकेतील सॅन डिएगो येथे १८९ रुग्णांवर दोन ते पाच वर्षे लक्ष ठेवून २००४ साली जो अहवाल आला, त्यात प्रथमच वाटी सरकलेल्यांपैकी सतरा टक्क्यांची ती पुन्हा सरकली. ज्यांची पूर्वी एकदा सरकली होती, त्यांच्यात मात्र हे प्रमाण एकोणपन्नास टक्के होते. सर्वाधिक धोका दहा ते सतरा वर्षांच्या मुलींना होता. म्हणजे पहिली वेळ हीच सावध होण्याची वेळ. दुसऱ्यांदा सरकली की पुढची वाट उताराची असते.

तेव्हा मैदानावर असा प्रसंग आला तर काय करावे? शिक्षकच तेथे पहिला जाणता माणूस असतो. मुलाला धीर द्या. पाय ओढू नका, वाटी ढकलू नका. ज्या स्थितीत कमी दुखते त्याच स्थितीत पायाखाली उशी किंवा चादरीची घडी देऊन आधार द्या, फडक्यात गुंडाळून बर्फ किंवा गार पाण्याची पट्टी ठेवा, आणि दवाखान्यात न्या. पाऊल थंड पडले, पांढरे झाले किंवा बधिर वाटू लागले तर एक क्षणही दवडू नका. त्या वेळी नुसती वाटी नव्हे, सबंध गुडघाच निखळून रक्तवाहिनी दाबली गेलेली असू शकते. वाटी आपोआप बसली असली तरी क्ष-किरणाचे चित्र काढून घ्यावेच. सरकताना हाडाचा किंवा कूर्चेचा टवका उडून सांध्यात पडलेला असू शकतो, आणि तो राहिला तर शस्त्रक्रिया लागते.

गावच्या हाडवैद्याविषयीही दोन शब्द. त्याच्या हातात पिढ्यांचा अनुभव असतो, त्याचा मान राखावा. परंतु त्याचे बोट सांध्याच्या आत पोचत नाही आणि उडालेला टवका त्याला दिसत नाही. ताज्या सुजेवर गरम तेलाने जोरजोरात चोळले तर आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. म्हणून आधी चित्र, मग उपचार, हा क्रम मोडू नये. पॅजेटने डॉक्टरांना जे सांगितले ते आपणही पाळावे: चांगले ते घ्यावे, वाईट ते टाळावे.

आणि सर्वांत मोठी चूक त्यानंतर होते. सूज उतरते, मूल चालू लागते आणि घरचे म्हणतात, "झालं, बसली वाटी. जा आता शेतावर." पण गुडघा सुजला की मांडीचा स्नायू काही दिवसांतच बारीक होऊ लागतो. दोन्ही मांड्या शेजारी ठेवून पाहा, फरक डोळ्यांना दिसतो. राखणदार झोपला आणि दार उघडे राहिले, अशी ती अवस्था. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले काही आठवडे आधार बांधावा, आणि त्यांच्या परवानगीने पहिल्या दिवसांपासूनच मांडी जागी करावी. गुडघ्याखाली फडक्याची गुंडाळी ठेवून ती दाबायची आणि सोडायची. मग पाय ताठ ठेवून उचलायचा. मग घोट्याला वाळूची लहान पिशवी बांधून उचलायचा. पुढे अर्ध्या बैठका, एका पायावर उभे राहणे, जिना चढणे-उतरणे. तालमीतल्या पूर्ण बैठका आणि धावता वळसा सर्वांत शेवटी. माती, मीठ, दगड, हाच क्रम! खेळात परतायला बहुधा तीन-चार महिने लागतात. सूज नाही, गुडघा पूर्ण वाकतो आणि दोन्ही मांड्यांचे बळ जवळजवळ सारखे आहे, हे पाहूनच मूल मैदानात उतरवावे.

वाटी बसवायला क्षण पुरतो. ती राखायला महिने लागतात. त्या महिन्यांत मुलाला कोणी शाबासकी देत नाही, कारण पाय उचलण्यात पाहण्यासारखे काहीच नसते. तुमच्या वर्गात असे एखादे मूल असेल तर मधल्या सुटीत त्याला जवळ बोलवा आणि विचारा, "आज पाय किती वेळा उचललास?" तेवढ्या विचारपुशीने त्याचे बरे होणे नक्की सोपे होईल.